खिडकीमागची खात्री

रुग्णालयात चुकीची माहिती बहुधा अतिशय ठाम आवाजात दिली जाते. "सर निघालेत", "तुमच्या पुढे चारच जण आहेत", "उद्या या, उद्या नक्की होईल" ही वाक्ये स्वागतकक्षातून ज्या सहजतेने बाहेर पडतात, ती सहजता निदान सांगणाऱ्या डॉक्टरांच्या बोलण्यातही क्वचितच आढळते. डॉक्टर "बहुतेक", "शक्यता आहे", "रिपोर्ट आल्यावर बघू" असे शब्द जपून वापरतात, कारण अनिश्चित गोष्ट अनिश्चित म्हणूनच सांगणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. खिडकीमागे बसलेल्या व्यक्तीला तसे बोलण्याची मुभाच नसते. आईच्या आजारपणामुळे गेली काही वर्षे मी वेगवेगळ्या रुग्णालयांच्या बाकांवर पुष्कळ वेळ बसून काढला, आणि त्या काळात चुकीच्या माहितीवरच्या माझ्या रागाने हळूहळू जागा बदलली. आधी तो खिडकीमागच्या मुलीवर होता. आता तो तिच्याही मागे, जिथून तिला माहिती मिळायला हवी आणि मिळत नाही, त्या आतल्या दालनांवर अधिक आहे. तरीही तिला पूर्णपणे मोकळे सोडायला माझे मन तयार होत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

माझी एक मैत्रीण काही वर्षे अशाच एका खिडकीमागे बसत असे. ती सांगते की रुग्णालयातली कोणतीही बातमी सर्वांत शेवटी पोहोचते ती स्वागतकक्षात. एखाद्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेत अनपेक्षितपणे अडकून पडावे लागले, तर ते ओटीतल्या सिस्टरना कळते, भूलतज्ज्ञांना कळते, वॉर्डात पुढच्या पेशंटची तयारी करून बसलेल्यांना कळते, एवढेच काय, खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरलाही कळते. ओपीडीच्या काउंटरवर मात्र ती बातमी कुणी जाता जाता सांगितली तरच येते. काउंटरवरून उठून आत विचारायला जावे, तर मागे रांग उभी असते. फोन करावा, तर "सरांना फोन करायचा नसतो" हा तिथला अलिखित आणि म्हणूनच न मोडता येणारा नियम. मग ती पार्किंगमध्ये सरांची गाडी लागली आहे का हे पाहायला वॉर्डबॉयला पाठवत असे आणि त्याच्या उत्तरावरून पेशंटना वेळ सांगत असे. गाडी आहे पण सर बैठकीत आहेत, असेही पुष्कळदा होई, आणि मग ज्यांना "आलेत, बसा" म्हणून सांगितले होते त्यांच्या नजरा चुकवत दुपार काढावी लागे. "माहीत नाही असं म्हणायची सोयच नव्हती," ती म्हणाली. "म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुम्ही इथे बसलात कशाला?"

या प्रश्नात पेशंटची काही चूक आहे असे मला वाटत नाही. काचेवर ठळक अक्षरांत 'चौकशी' असे लिहिलेले असते, तेव्हा काचेमागे उत्तर असणार असे त्याने गृहीत धरणे स्वाभाविकच आहे. व्यवस्थेने मात्र तिथे उत्तर ठेवलेलेच नसते. उत्तर देणारा माणूस तेवढा बसवलेला असतो. आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे बोलणे हे त्या खुर्चीचे अघोषित काम होऊन बसते, आणि काही महिन्यांत त्याची इतकी सवय होते की बोलणाऱ्यालाही अंदाज आणि माहिती यांतली सीमा दिसेनाशी होते.

आता वेळेचेच घेऊ. पेशंटला साडेदहाची वेळ दिली जाते, तेव्हा त्याच्या मनात साडेदहाला आपण डॉक्टरांसमोर असू असे चित्र असते. काउंटरच्या लेखी साडेदहा म्हणजे केस पेपर काढून, वजन आणि रक्तदाब नोंदवून तयार राहण्याची वेळ. डॉक्टरांच्या लेखी तर तो सकाळच्या सत्रातला एक पेशंट असतो, सत्र संपायच्या आत केव्हाही तपासून झाला की झाले. कित्येक ठिकाणी तर सकाळच्या सगळ्यांनाच एकदम नऊला बोलावलेले असते आणि पुढे नंबराप्रमाणे सोडले जाते. यामागचा हिशेब उघड आहे: डॉक्टरांचा एक मिनिटही रिकामा जाता कामा नये. तो जाऊ नये म्हणून किती माणसांचे किती तास खर्ची पडतात, हा हिशेब मात्र बहुधा कुणी मांडत नाही.

निदान एकाने तो फार पूर्वी मांडला होता. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यदृच्छ अंकांच्या, म्हणजे कोणताही ठरावीक क्रम नसलेल्या आकड्यांच्या, साहाय्याने त्यांनी कागदावरच ओपीडीची सत्रेच्या सत्रे चालवून पाहिली आणि त्यातून जो नियम सुचवला, तो नियोजनाच्या अभ्यासात आजही शिकवला जातो. सुरुवातीला दोन पेशंट हजर ठेवावेत आणि त्यापुढे एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला बोलवावे, एवढाच तो नियम आहे. दोघांपैकी एक उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि बाकीच्यांना पहाटेपासून ताटकळावे लागत नाही. अर्थात या सगळ्या गणिताला एक अट आहे, आणि ती म्हणजे डॉक्टरांनी वेळेवर यावे. ही अट पाळली गेली नाही, तर वेळापत्रक कितीही शहाणपणाने आखलेले असो, काउंटरवरून सांगितलेली प्रत्येक वेळ पहिल्या मिनिटापासूनच खोटी ठरत जाते.

"अर्ध्या तासात होईल" हे वाक्य एरवीही खोटे का ठरते, याचेही उत्तर गणितात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनींच्या संदर्भात ज्या विचाराचा पाया घातला, त्यातून पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातले सर्वांत साधे प्रारूप घेतले, म्हणजे माणसे केव्हाही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त होतो असे मानले, तर दहा मिनिटांच्या सरासरी तपासणीसाठी डॉक्टर ८० टक्के वेळ कामात असताना रांगेतली सरासरी प्रतीक्षा ४० मिनिटांची असते. तेच डॉक्टर ९० टक्के वेळ कामात असले तर ती ९० मिनिटांवर जाते, आणि ९५ टक्क्यांवर १९० मिनिटांवर. काम थोडेसेच वाढलेले असते, रांग मात्र दुपटीने वाढते. प्रत्यक्षातली ओपीडी या प्रारूपाइतकी सरळ नसते, वेळा ठरवून दिल्याने काही फरकही पडतो, पण कल तोच राहतो. काउंटरवरची मुलगी आदल्या सोमवारच्या अनुभवावरून आजची वेळ सांगते. आज चारच पेशंट जास्त आहेत असे तिला दिसते, आणि त्या चौघांमुळे शेवटच्या माणसाची संध्याकाळ जाणार आहे हे तिला दिसत नाही. हे तिला कुणी शिकवलेलेही नसते. तिची चूक प्रामाणिक असते, एवढेच मी तिच्या बाजूने म्हणेन.

मात्र सगळ्याच चुका प्रामाणिक नसतात, आणि मघाशी म्हणालो ते कारण हेच. मैत्रिणीने एकदा सहज सांगितले की तीन तास लागणार हे स्पष्ट दिसत असतानाही अर्धा तास सांगण्याची त्यांना तोंडी सूचना होती. खरे सांगितले तर लोक उठून बाहेर जातात, नंबर पुकारला की जागेवर नसतात, मग पुढच्याला आत सोडावे लागते आणि बाहेर गेलेला परत आला की भांडण होते. त्यापेक्षा सगळ्यांना हाकेच्या अंतरावर बसवून ठेवणे सोयीचे, आणि बसवून ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अर्ध्याअर्ध्या तासाची आशा. हे ऐकून मला जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही. माणूस अर्धा तास म्हणून घरी फोन करत नाही, औषधाची वेळ पुढे ढकलतो, लहान मुलाला शाळेतून आणायला दुसऱ्या कुणाला सांगत नाही, लघवीला जाऊ की नको अशा विचारात बसून राहतो. खरा आकडा ऐकल्यावर त्याने आपल्या दिवसाची जी काही व्यवस्था लावली असती, तो हक्कच त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. हे ठरवणारा वर बसलेला असला, तरी ते वाक्य उच्चारणाऱ्या व्यक्तीलाही आपण काय करत आहोत हे माहीत असते, आणि म्हणून तिला पूर्णपणे निर्दोष म्हणणे मला जमत नाही.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लिहिताना असे मांडले की अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. दिलेल्या वेळेच्या आधी आलेला माणूस ती वेळ होईपर्यंत शांतपणे बसतो आणि वेळ टळल्यानंतरची थोडी मिनिटेही त्याला असह्य होतात, हेही निरीक्षण त्याचेच. कुठल्याही ओपीडीत याचा पडताळा घेता येतो. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की रुग्णालयात ही अस्वस्थता नुसती कंटाळ्याची नसते. बाकावर बसलेल्या माणसाला दुखत असते, किंवा रिपोर्टमध्ये काय असेल या भीतीने त्याला घेरलेले असते, आणि चुकीची ठरलेली प्रत्येक वेळ त्या भीतीचा मुक्काम वाढवत जाते.

वेळेची चूक निदान नुसता वेळ घेते. तयारीच्या सूचनांमधली चूक थेट शरीराला भोगावी लागते. आईची सोनोग्राफी ठरली तेव्हा फोनवर सांगण्यात आले, "रिकाम्या पोटी या, काही खायचं-प्यायचं नाही." आईला मधुमेह आहे. तिने गोळीही घेतली नाही, पाण्याचा थेंबही घेतला नाही आणि सुकलेल्या तोंडाने माझ्याबरोबर आली. तिथे कागद पाहिल्यावर कळले की तपासणी ओटीपोटाची आहे. पित्ताशय पाहायचे असेल तर उपाशी राहावे लागते, कारण खाल्ल्यावर ते आकुंचन पावते. ओटीपोटातले अवयव पाहायचे असतील तर मूत्राशय भरलेले लागते, कारण त्यामुळे आतडी बाजूला सरतात आणि ध्वनिलहरींना वाट मिळते. एकाच नावाखाली येणाऱ्या दोन तपासण्यांच्या तयारीत असा उभा फरक आहे, आणि फोन उचलणाऱ्याच्या समोरच्या पडद्यावर मात्र बहुधा सोनोग्राफी एवढाच शब्द असावा. काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. "आजी, आता भरपूर पाणी प्या, आणि दाटून आलं की मला सांगा," असे तिने अगदी मायेने सांगितले. आई रिकाम्या पोटावर पाणी पीत बाकावर बसून राहिली, आणि तिची साखर उतरू लागली तर काय करायचे याची मी मनातल्या मनात उजळणी करत राहिलो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाचेही असेच आहे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यांनुसार निरोगी माणसाला ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव आणि सहा तास आधीपर्यंत हलका आहार चालतो. तरीही खिडकीतून आजवर ऐकू येणारे वाक्य "रात्री बारानंतर काही नाही" हेच आहे, कारण ते सकाळी आठच्या पेशंटलाही लागू पडते आणि दुपारी तीनच्याही. सांगणाऱ्याला दोघांत फरक करावा लागत नाही. दुपारी तीनला ज्याची शस्त्रक्रिया आहे तो पंधरा तास तहानलेला राहतो, आणि त्यातही ती पुढे ढकलली गेली तर ते त्याला सर्वांत शेवटी कळते. उलट दिशेची चूक तर आणखी महागात पडते. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची, किंवा थांबवायचीच नाही, हे काउंटरवरून सांगितले जाणे हे मला भयंकर वाटते, पण विचारणारे विचारतात आणि सांगणारे सांगतातही. अशा प्रश्नाचे योग्य उत्तर एकच आहे, "थांबा, मी सिस्टरना विचारून सांगते", आणि त्या उत्तराला लागणारी दोन मिनिटे रांगेच्या हिशेबात कुणी धरलेली नसतात.

येथे मला एक विचित्र असमतोल दिसतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला होता, आणि त्यानंतर चुकांची नोंद ठेवणे, त्यांची कारणे शोधणे, व्यक्तीला दोष देण्याऐवजी पद्धत सुधारणे हा विचार जगभर रुजला. औषधाचा डोस चुकला तर आज बऱ्याच ठिकाणी त्याची नोंद होते, चौकशी होते, पुढे तसे होऊ नये म्हणून काही ना काही बदलले जाते. काउंटरवरून चुकीची तारीख सांगितली गेली आणि त्यामुळे गाठीच्या तपासणीचा निकाल डॉक्टरांपुढे तीन आठवडे उशिरा गेला, तर ही चूक कोणत्या वहीत लिहायची? ती प्रशासकीय म्हणून वैद्यकीय विभागाच्या खाती पडत नाही, आणि प्रशासनाच्या दृष्टीने पेशंट आला नाही एवढीच नोंद होते. चुकीची माहिती देणाऱ्याची चूक अशा रीतीने माहितीवर विश्वास ठेवणाऱ्याच्या नावावर चढते. अनुपस्थित राहणाऱ्या पेशंटविषयी रुग्णालये मोठ्या तक्रारीने बोलतात, आणि त्या तक्रारीत तथ्यही आहे, पण त्या अनुपस्थितांपैकी कितींना चुकीचा दिवस, चुकीचा मजला किंवा चुकीची इमारत सांगितली गेली होती हा प्रश्न त्या बोलण्यात येत नाही.

पेशंट यावर आपला उपाय शोधतात. तेच ते पुन्हा पुन्हा विचारतात म्हणून काउंटरवरचे लोक वैतागतात, "आत्ताच सांगितलं ना काका तुम्हाला" असे म्हणतात, पण मी लक्ष देऊन पाहिले आहे, बहुतेक वेळा त्या काकांना उत्तर समजलेले असते. त्यांना उत्तरे ताडून पाहायची असतात. ते खिडकीत विचारतात, मग दारावरच्या वॉर्डबॉयला, मग बाहेर आलेल्या सिस्टरना, मग शेजारी बसलेल्या जुन्या पेशंटला, आणि दोन उत्तरे जुळली की निवांत होतात. हा मार्ग शहाणपणाचा आहे, फक्त ती दोन्ही उत्तरे एकाच जुन्या वेळापत्रकावरून आलेली असू शकतात हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नसतो. जे असे विचारत फिरू शकत नाहीत, ज्यांना कमी ऐकू येते, ज्यांना तिथली भाषा नीट येत नाही, जे एकदा दरडावले गेल्यावर दुसऱ्यांदा विचारायला धजत नाहीत, त्यांच्या वाट्याला पहिले उत्तर येते आणि तेच अंतिम ठरते.

तक्रार तर त्याहून कमी लोक करतात. आईने त्या दिवशी तक्रार करू दिली नाही. "पुन्हा याच खिडकीत यायचंय," एवढेच ती म्हणाली, आणि मला त्यावर बोलता आले नाही. ज्याच्यावर पुढच्या वेळीही अवलंबून राहायचे आहे त्याला दुखवायचे नसते, हे ज्ञान आजारी माणसाला फार लवकर येते. परिणामी रुग्णालयाच्या दप्तरी सगळे आलबेल असते, आणि सूचनापेटीत आभाराची पत्रे निघतात. त्यातली काही आईसारख्यांचीच असतील.

हे सगळे यंत्राने सुटेल असे मला काही काळ वाटले होते. मोबाइलवर नंबर लागतो, आदल्या दिवशी आठवणीचा संदेश येतो, भिंतीवरच्या पडद्यावर टोकनचे आकडे पळतात. पण डॉक्टर रजेवर असल्याचे ज्याने पूर्वी खिडकीत सांगितले नव्हते, तो ते यंत्रातही भरत नाही, आणि मग रद्द झालेल्या तपासणीचीही आठवण नेमाने येते. फोन उचलणारी व्यक्ती तर अनेकदा रुग्णालयात बसलेलीच नसते. तिच्या पडद्यावर जागा रिकामी दिसते आणि रुग्णालयाच्या पडद्यावर भरलेली. पेशंट मोबाइल पुढे करतो, "बघा, इथे कन्फर्म लिहिलंय", आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, "आमच्याकडे दाखवत नाही". दोघेही खरे बोलत असतात. यंत्रावर चिडता येत नाही म्हणून चिडण्याचा मान तिलाच मिळतो.

या मुलींना प्रशिक्षण मिळत नाही असे नाही. हसून बोलावे, नजर मिळवावी, आवाज चढवू नये, समोरचा ओरडला तरी शांत राहावे, हे त्यांना शिकवले जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांच्या अभ्यासातून दाखवून दिले की भावना आवरणे आणि दाखवणे हेही पगारी श्रम असतात, आणि त्यांची किंमत करणाऱ्याला मोजावी लागते. रुग्णालयाच्या काउंटरवर हे श्रम दुप्पट असतात, कारण समोरचा प्रवासी नसतो, आजारी असतो किंवा आजाऱ्याचा मुलगा असतो. मला खटकते ते असे की या प्रशिक्षणात सौजन्याला जितकी जागा आहे तितकी अचूकतेला नाही. एखादी मुलगी तुटकपणे बोलली म्हणून तिची तक्रार होते आणि तिला समज मिळते. गोड बोलून चुकीचा दिवस सांगणारीच्या वाट्याला तसे काही येत नाही. मी स्वतः आता तुटक पण बरोबर उत्तराला प्राधान्य देतो, आणि अशी एक बाई मला भेटल्याही होत्या. त्या कधी हसल्या नाहीत, पण "अकराच्या आत होणार नाही, लिहून घ्या" असे म्हणाल्या की अकराच्या आत ते खरोखरच होत नसे.

एका रुग्णालयात काही काळ एक साधा पांढरा फळा पाहिला होता. त्यावर प्रत्येक डॉक्टरांच्या नावापुढे आत्ता कितवा नंबर चालू आहे ते लिहिलेले असे, आणि पुढे ती नोंद कधी केली त्याची वेळ. डॉक्टर आले नसतील तर 'अद्याप आलेले नाहीत, कारण शस्त्रक्रिया, पुढील माहिती अकरा वाजता' असे लिहिलेले असे, आणि अकरा वाजता कुणीतरी खरोखर येऊन ते बदलत असे, मग ती नवी माहिती 'अद्याप आलेले नाहीत' एवढीच का असेना. लोक फळा वाचून बाहेर जात, आपली कामे उरकून परत येत, आणि काउंटरवर भांडणेही कमी होत. काही महिन्यांनी तो फळा दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले की डॉक्टर किती वाजता येतात हे त्यामुळे भिंतीवर लिहून राहू लागले होते, आणि ते काहींना रुचले नाही. बाकावरच्या सगळ्यांना ते आधीही ठाऊकच होते. लिहिलेले नव्हते इतकेच.

हल्ली खिडकीत गेल्यावर मी किती वेळ लागेल असे विचारत नाही. ही माहिती कधीची आहे आणि ती कुणाकडून आली, असे विचारतो. हा प्रश्न मला मैत्रिणीनेच सुचवला; तिच्या मते काउंटरवर बसणाऱ्याला खरे उत्तर देता येईल असा हाच प्रश्न आहे, कारण त्यासाठी आतले काही माहीत असावे लागत नाही. ऐकणारी व्यक्ती आधी जरा गोंधळते, उद्धटपणे विचारतोय का हे चेहऱ्यावरून जोखते. काही जणी "सकाळची आहे, थांबा" म्हणून आत फोन लावतात. काही म्हणतात, "आम्हाला जे सांगितलंय ते आम्ही सांगतो". हे दुसरे उत्तर ऐकले की मी आईला पुढच्या वेळची गोळी आणि खायला काहीतरी देतो, आणि घरी फोन करून कळवतो की संध्याकाळ होईल.